विंडोज सर्व्हर २००८ आर२ वरून पुढे कुठे: २०१९, २०२२ की २०२५? (जिनिंग-प्रेसिंग, २२ मशीन)

काटा_शहादा यांचा प्रश्न

राम राम मंडळी. शहाद्याजवळच्या एका जिनिंग-प्रेसिंगच्या ऑफिसची मांडणी खाली देतोय.

एकच टॉवर सर्व्हर, विंडोज सर्व्हर २००८ आर२ स्टँडर्ड, एसपी१. तोच डोमेन कंट्रोलर (सगळ्यांची खाती आणि लॉगिन सांभाळणारा), तोच डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारा) आणि डीएचसीपी (आयपी वाटणारा), तोच फाइल सर्व्हर. एसक्यूएल सर्व्हर २००८ आर२ एक्सप्रेससुद्धा त्याच्यावरच. डोमेन मुळात २००३ च्या सर्व्हरवर बनलेलं, नंतर इकडे आणलेलं. फंक्शनल लेव्हल (डोमेन कुठल्या व्हर्जनच्या कंट्रोलरशी जुळवून चालतं ती पातळी) अजून २००३ दाखवतं. क्लायंट २२, बहुतेक विंडोज १० आणि ११. काट्यावर मात्र एक्सपी आहे, वजनाचा इंडिकेटर सिरियल केबलने त्यालाच जोडलेला. हिशेबाचं सॉफ्टवेअर फाइलवर चालतं, डेटा शेअरमध्ये, यूएसबी डोंगल (लायसन्सची किल्ली) सर्व्हरला लावलेलं. कापूस खरेदीच्या पावत्या एसक्यूएलमध्ये, डेटाबेस साडेसहा जीबीचा. झेरॉक्स मशीन स्कॅन करून थेट शेअरमध्ये फाइल टाकतं.

नवीन सर्व्हर मंजूर झालाय: एक प्रोसेसर, १६ कोर, ६४ जीबी रॅम. विचारायचं असं की मधल्या व्हर्जनमध्ये नेमकं काय बदललं? जुन्याच मशीनवर चढवत चढवत २०२५ पर्यंत जाता येतं का, की कोरं इन्स्टॉल करावं? आणि काय काय बंद पडेल?

---

तापीकाठ

भाऊ, आधी सरळ उत्तर. २००८ आर२ वरून २०२५ वर थेट उडी नाही. २००८ आर२ एसपी१ वरून २०१२ किंवा २०१२ आर२ एवढंच चढता येतं. २०१२ आर२ वरून २०१६ किंवा २०१९, आणि २०२२ वर यायला आधी २०१६ किंवा २०१९ असावं लागतं. २०२५ ने हा नियम सैल केला: २०१२ आर२ पासून पुढचं कुठलंही व्हर्जन थेट २०२५ वर नेता येतं. म्हणजे कागदावर तुमचा रस्ता दोन टप्प्यांचा आहे. पण डोमेन कंट्रोलर, एसक्यूएल आणि फाइल शेअर एकाच डब्यात असताना त्या रस्त्याने जाऊ नका. नवीन मशीन आहेच, कोरं इन्स्टॉल करा आणि एकेक काम उचलून तिकडे न्या.

आता मधल्या काळात काय झालं ते. प्रत्येक व्हर्जनने काय नवीन दिलं याच्या याद्या कुठेही मिळतात. तुमच्यासारख्या ठिकाणी महत्त्वाचं आहे ते प्रत्येकाने काय चालवून घ्यायचं बंद केलं.

एनटी ३.१ अॅडव्हान्स्ड सर्व्हर १९९३ चा, एनटी ४ १९९६ चा. तेव्हा डोमेनमध्ये लिहिण्यासाठी एकच प्रायमरी कंट्रोलर, बाकीचे नुसते बॅकअप. २००० मध्ये अॅक्टिव्ह डिरेक्टरी आली आणि सगळे कंट्रोलर लिहिते झाले. २००३ ने तेच पक्कं केलं. त्यात सिसव्हॉल या लॉगिन स्क्रिप्ट आणि ग्रुप पॉलिसीच्या फोल्डरची नक्कल एफआरएस नावाची सेवा करायची. हे नाव लक्षात ठेवा, तुमचं डोमेन तिथेच अडकणार आहे.

२००८ मध्ये सर्व्हर कोर आणि हायपर-व्ही (एका मशीनवर अनेक आभासी मशीन चालवणारं) आले, सिसव्हॉलसाठी एफआरएसच्या जागी डीएफएसआर आलं, केर्बेरॉसमध्ये (डोमेनच्या लॉगिनची पद्धत) एईएस हे नवं एन्क्रिप्शन आलं. ३२ बिटमध्ये मिळालेलं शेवटचं सर्व्हर व्हर्जन तेच. २००८ आर२ निव्वळ ६४ बिट, त्यामुळे डॉसच्या काळचे १६ बिट प्रोग्राम तिथेच संपले. त्याचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला.

२०१२ आणि २०१२ आर२: एसएमबी ३ (एसएमबी म्हणजे फाइल शेअरिंगची भाषा), स्टोरेज स्पेसेस, हायपर-व्ही रेप्लिका. काम चांगलं, पण सर्व्हरवर टाइल्सचा स्क्रीन कुणी मागितला होता कोण जाणे. २०१२ आर२ चा सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ ला संपला, पैसे भरून मिळणारे सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच.

२०१६ ने लायसन्स प्रोसेसरवरून कोरवर नेलं. नॅनो सर्व्हरचा गाजावाजा झाला आणि वर्षभरात तो फक्त कंटेनरपुरता उरला. तुमच्या दृष्टीने २०१६ हे एफआरएसवाल्या डोमेनला आत घेणारं शेवटचं व्हर्जन. २०१९ पासून सिसव्हॉल एफआरएसवर असेल तर नवीन डोमेन कंट्रोलर प्रमोटच होत नाही. २०१९ मध्येच एसएमबी १ मुळात इन्स्टॉल नसणं सुरू झालं; हवं तर फीचर म्हणून टाकता येतं. एक्सपी आणि जुनी स्कॅनर मशीन बंद पडतात ती इथे.

२०२२ ने फार तोडफोड केली नाही. टीएलएस (नेटवर्कवरचं एन्क्रिप्शन) १.३ आलं, जुनं टीएलएस चालू राहिलं.

२०२५ ने मात्र बरीच झाडलोट केली. एनटीएलएम व्ही१ ही जुनी लॉगिन पद्धत काढली. केर्बेरॉसचं पहिलं तिकीट आरसी४ या जुन्या एन्क्रिप्शनमध्ये देणं बंद. टीएलएस १.० आणि १.१ मुळात बंद. सर्व्हर स्वतः दुसऱ्या शेअरकडे जातो तेव्हा एसएमबी सायनिंग सक्तीचं. एसएमटीपी सर्व्हर फीचर गेलं, वर्डपॅडही गेलं. आणि २०२५ चा डोमेन कंट्रोलर जोडायला फॉरेस्टची (डोमेनच्या वरचा गट) लेव्हल किमान २०१६ लागते. तुमची आहे २००३.

---

लळिंग_धुळे

वरच्यांनी रस्ता बरोबर सांगितला, मी डोमेनचा क्रम देतो. हा क्रम उलटा केला की अडकता.

एकच डोमेन कंट्रोलर असल्याने आधी सिस्टीम स्टेटसकट पूर्ण बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क काढून ठेवा. फंक्शनल लेव्हल वाढवण्याआधीचा बॅकअप हाच तुमचा परतीचा रस्ता.

मग डोमेनची लेव्हल २००८ आर२ करा, नंतर फॉरेस्टची. इथे काही बंद पडत नाही, क्लायंटचा आणि फंक्शनल लेव्हलचा संबंध नसतो. ती फक्त डोमेन कंट्रोलरसाठी असते. त्यानंतर डीएफएसआर-मिग टूलने सिसव्हॉल हलवा. चार स्टेट आहेत: ० सुरुवात, १ प्रिपेअर्ड, २ रीडायरेक्टेड, ३ एलिमिनेटेड. एकेक पायरी चढा आणि प्रत्येक पायरीनंतर त्याच टूलला मायग्रेशनची स्थिती विचारा. सगळे कंट्रोलर त्या पायरीवर पोचले असं सांगितल्याशिवाय पुढची देऊ नका. स्टेट २ वरून मागे येता येतं, ३ वरून नाही. म्हणून २ वर थांबून लॉगिन स्क्रिप्ट आणि ग्रुप पॉलिसी नीट लागतायत का ते बघा, मगच ३.

आता नवीन सर्व्हरवर २०२२ किंवा २०१९ चा कंट्रोलर जोडा. स्कीमा (डिरेक्टरीतल्या नोंदींचा साचा) वाढवण्याचं काम प्रमोट करतानाच होतं, वेगळी कमांड लागत नाही. फक्त लॉगिन केलेलं खातं स्कीमा अॅडमिन्स आणि एंटरप्राइज अॅडमिन्स या दोन्ही ग्रुपमध्ये हवं. नंतर पाचही एफएसएमओ रोल (एकाच कंट्रोलरकडे असणारी खास कामं) हलवा, डीएचसीपी एक्स्पोर्ट करून इकडे इम्पोर्ट करा, आणि डीएचसीपीत डीएनएसचा पत्ता नवा द्या. हाताने आयपी दिलेली मशीन इथे हमखास विसरली जातात. बहुतेक वेळा ती काट्याची, प्रिंटरची आणि सीसीटीव्हीची असतात.

त्या पाचांपैकी पीडीसी एम्युलेटर रोल जिकडे जाईल त्या मशीनला बाहेरचा टाइम सर्व्हर लावून द्या. घड्याळात पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की केर्बेरॉस लॉगिन नाकारतं. सीमॉस बॅटरी मेलेली जुनी मशीन लाइट गेल्यावर हाच प्रताप करतात.

आणि एक सापळा. २००३ च्या काळात ज्या खात्यांचे पासवर्ड दिले आणि नंतर कधीच बदलले नाहीत, त्यांच्यासाठी एईएसची की तयारच झालेली नसते. मूळ अॅडमिनिस्ट्रेटर खातं आणि बॅकअप किंवा एसक्यूएल सेवांची खाती यात सापडतात. ती आरसी४ वर निभावून नेतात, आणि आरसी४ बंद झालं की अचानक लॉगिन होत नाहीत. डोमेनची लेव्हल वाढवल्यावर (२००३ लेव्हलवर एईएसची की बनतच नाही) आणि नवा कंट्रोलर जोडण्याआधी अशा सगळ्या खात्यांचे पासवर्ड बदला. सेवांमध्ये नवा पासवर्ड टाकायला विसरू नका, नाहीतर सकाळी बॅकअप सेवा चालू होणार नाही.

---

भुसावळ_जंक्शन

डोंगलबद्दल कुणी बोललं नाही. नवीन सर्व्हरवर हायपर-व्ही टाकून दोन व्हीएम (आभासी मशीन) करणार असाल (आणि तसंच करा), तर होस्टला, म्हणजे खऱ्या मशीनला, लावलेलं यूएसबी डोंगल व्हीएमला दिसत नाही. हायपर-व्हीत साधं यूएसबी पासथ्रू नाही. उपाय दोन: नेटवर्कवर यूएसबी देणारा डबा घ्या, किंवा सॉफ्टवेअरवाल्यांकडून डोंगलऐवजी ऑनलाइन किंवा फाइल लायसन्स मागून घ्या. दुसरा आधी विचारा, बऱ्याचदा फुकट बदलून देतात.

सिरियल पोर्टचंही तेच, होस्टचा कॉम पोर्ट व्हीएमला जोडता येत नाही. तुमचा इंडिकेटर क्लायंटला आहे तेच बरं. एक्सपी काढून तिथे विंडोज ११ ठेवा, सिरियलसाठी पीसीआय एक्स्प्रेस कार्ड किंवा चांगल्या चिपचा यूएसबी कन्व्हर्टर. कन्व्हर्टर लावल्यावर पोर्टचा नंबर कॉम ५, कॉम ७ असा काहीही येतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टच्या अॅडव्हान्स्ड सेटिंगमधून तो जुनाच नंबर द्या. बॉड रेट, पॅरिटी, डेटा बिट जुन्या मशीनवरून लिहून घ्या. वजनाऐवजी विचित्र अक्षरं आली तर चूक तिथेच असते.

---

काटा_शहादा

धन्यवाद भाऊ. अजून तीन गोष्टी. एक, दुकानदार २०२५ चंच कोटेशन देतोय, २०२२ घ्यायचं तर कसं? दोन, एक्सपीवरचं काट्याचं सॉफ्टवेअर विंडोज ११ वर चाललंच नाही तर? तीन, जुन्या सर्व्हरचं नाव पावतीच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि लोकांच्या शॉर्टकटमध्ये जागोजागी घातलेलं आहे, त्याचं काय?

---

पाटणादेवी

लायसन्स मी सांगतो. २०२५ स्टँडर्डच घ्या. त्याच्यासोबत जुनं व्हर्जन चालवायचा हक्क येतो, म्हणजे लायसन्स २०२५ चं आणि डिस्कवर २०२२. कोटेशनमध्ये "डाउनग्रेड राइट्स" लिहून घ्या आणि २०२२ चं मीडिया व की कोण देणार हेही आधीच ठरवा, नंतर फोनाफोनी होते.

कोरचा हिशेब: प्रोसेसरमागे किमान ८ आणि सर्व्हरमागे किमान १६ कोरचं लायसन्स. तुमचे बरोब्बर १६, म्हणजे एक १६ कोरचं पॅक पुरतं. त्यात दोन व्हीएम चालतात. अट एवढीच की होस्टवर हायपर-व्ही सांभाळण्यापलीकडे दुसरं काम ठेवायचं नाही. होस्टवरच फाइल शेअर बनवला की हक्क एका व्हीएमवर येतो. हे कोटेशन देणारे सांगत नाहीत.

सीएएल (सर्व्हर वापरणाऱ्यांची लायसन्स) वेगळे, दर यूजर किंवा दर मशीन. २०२५ चे सीएएल २०२२ ला चालतात, उलट नाही. जुने २००८ चे सीएएल आता कागदच. पाळीपाळीने एकाच मशीनवर तिघे बसत असतील (प्रेसच्या पाळ्यांत असंच असतं) तर डिव्हाइस सीएएल स्वस्त पडतात. रिमोट डेस्कटॉपवर लोकांना काम करायचं असेल तर आरडीएस सीएएल आणखी निराळे. ते टाकले नाहीत तर १२० दिवसांनी कनेक्शन नाकारायला लागतं.

तारखा: २०१६ चा सपोर्ट १२ जानेवारी २०२७ पर्यंत, २०१९ चा ९ जानेवारी २०२९, २०२२ चा १४ ऑक्टोबर २०३१, २०२५ चा २०३४ पर्यंत. २०१९ नव्याने टाकण्यात अर्थ नाही.

माझं मत: दोन्ही व्हीएम २०२२ वर. एक डोमेन कंट्रोलर, दुसरा फाइल आणि एसक्यूएल.

---

तापीकाठ

पाटणादेवींशी अर्धा सहमत. डोमेन कंट्रोलर २०२२ ठीक, तुमच्या डोमेनला तो मधला दगड लागतोच. पण फाइल आणि एसक्यूएलची व्हीएम २०२५ का नको? मेंबर सर्व्हरला (डोमेनमध्ये असलेला पण कंट्रोलर नसलेला) फॉरेस्ट लेव्हलची अट नाही. तीन वर्षं जास्त मिळतात.

---

पाटणादेवी

मिळतात, पण तपासून. कापूस खरेदीचं सॉफ्टवेअर २००८ च्या काळातलं आहे. त्याचा एसक्यूएल ड्रायव्हर अपडेट नसेल तर तो टीएलएस १.२ बोलत नाही, आणि एसक्यूएलला लॉगिनचा पॅकेट नेहमीच टीएलएसमधून जातो, डेटा एन्क्रिप्ट करा न करा. २०२५ वर टीएलएस १.० बंद असल्याने "एसएसएल सिक्युरिटी एरर" येते आणि लोक फायरवॉल शोधत बसतात. क्लायंटवर नवा ओडीबीसी ड्रायव्हर टाकून सॉफ्टवेअर चाललं तर खुशाल २०२५. नाहीतर सर्व्हरवर रजिस्ट्रीतून टीएलएस १.० परत चालू करावं लागेल, मग २०२५ घेऊन मिळवलं काय?

---

लळिंग_धुळे

क्रमाचा उरलेला भाग आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर.

एसक्यूएल आधी हलवा, डोमेन कंट्रोलर उतरवणं सगळ्यात शेवटी. एसक्यूएल बसलेल्या मशीनचा रोल बदलणं, म्हणजे कंट्रोलरचा मेंबर करणं, सपोर्टेड नाही. सेवांच्या परवानग्या बिघडतात. २००८ आर२ चा बॅकअप एसक्यूएल २०२२ एक्सप्रेसवर रिस्टोअर होतो. रिस्टोअर केल्यावर उलटा जुन्यावर जात नाही, म्हणून जुना डेटाबेस ऑफलाइन करून तसाच ठेवा. २०२२ एक्सप्रेसची मर्यादा डेटाबेसमागे १० जीबी, लॉग त्यात धरत नाही. तुमचे साडेसहा आहेत, म्हणजे जुन्या हंगामांच्या पावत्या वेगळ्या डेटाबेसमध्ये काढायचा विचार आत्ताच करा. एक्सप्रेसमध्ये एजंट नाही, रात्रीचा बॅकअप टास्क शेड्युलरमधून लावा. लॉगिनही वेगळे हलवावे लागतात, नुसता डेटाबेस रिस्टोअर केला की यूजर अनाथ होतात.

फाइलसाठी विंडोजचं रोबोकॉपी टूल, कॉपीऑल आणि मिरर स्विच लावून. पहिली फेरी चालू कामात, शेवटची लोक गेल्यावर. दुसऱ्या फेरीत फक्त बदललेल्या फाइल जातात. मिररला स्रोत आणि ठिकाण उलटं दिलं तर भरलेला फोल्डर रिकामा होतो, दोनदा वाचून एंटर मारा. रोबोकॉपी एनटीएफएस परवानग्या नेतो, शेअरच्या परवानग्या नाही. त्या नव्याने द्या. २०१९ पासून स्टोरेज मायग्रेशन सर्व्हिस आहे, ती शेअर, परवानग्या, नाव, आयपी सगळं नेते, पण स्रोत डोमेन कंट्रोलर असेल तर नाव-आयपी बदलण्याची शेवटची पायरी चालत नाही. तुमच्या केसमध्ये रोबोकॉपीच.

नावाचं असं: जुना कंट्रोलर उतरवून डोमेनमधून काढल्यावर, त्याचं कॉम्प्युटर खातं पुसून, नव्या फाइल सर्व्हरला नेटडॉम कमांडने ते नाव पर्यायी नाव म्हणून जोडा. नुसता डीएनएसमध्ये सीनेम (टोपणनाव) टाकू नका. त्या नावाचा एसपीएन (केर्बेरॉससाठी सेवेची नोंद) नसल्याने केर्बेरॉस जुळत नाही आणि काही मशीनवर पासवर्ड विचारत राहतं. नेटडॉम एसपीएनसकट नोंद करतो.

---

भुसावळ_जंक्शन

एक्सपीचा प्रश्न राहिला. एक्सपीला एसएमबी १ च येतं, एईएस येत नाही. सॉफ्टवेअर विंडोज ११ वर नाहीच चाललं तर एक्सपी डोमेनमधून काढा, इंटरनेट बंद करा आणि त्याला फक्त काट्यापुरता ठेवा. पावतीचा डेटा फाइलने बाहेर काढायचा. त्या एका मशीनसाठी पूर्ण फाइल सर्व्हरवर एसएमबी १ चालू करू नका. २०१७ चा वॉनाक्राय याच दारातून पसरला.

स्कॅनरच्या सेटिंगमध्ये एसएमबी २ किंवा ३ आहे का बघा, नसेल तर फर्मवेअर अपडेट. तेही नसेल तर स्कॅन एफटीपीवर घ्या. गेस्ट म्हणून फाइल टाकत असेल तर त्याला स्वतःचं खातं द्या, त्या एका फोल्डरवर लिहिण्याच्या परवानगीपुरतं.

फाइलवर चालणाऱ्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला एक त्रास होतो: दोघांनी एकाच वेळी नोंद केली की इंडेक्स बिघडते. क्लायंट फाइल स्वतःकडे कॅश करतो आणि एसएमबी २ पासून ते पूर्वीसारखं रजिस्ट्रीतून बंद होत नाही. २०२२ वर शेअरपुरता लीजिंग मोड (क्लायंटला कॅश करू देण्याची सेटिंग) "नन" करता येतो. हिशेबाचा शेअर वेगळा काढून फक्त त्यालाच तसं करा, वेग थोडा उतरेल.

---

रुई_आणि_रॅम

सॉफ्टवेअरचं सगळं आलं, आता जागेचं. सर्व्हर आत घेतो ती हवा १८ ते २७ अंशांत असावी, बहुतेक सर्व्हरची वरची हद्द ३५. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ च्या वर असतं, त्यामुळे एसीशिवाय खोली चालणार नाही, आणि लाइट गेल्यावर जनरेटरवर एसीसुद्धा असला पाहिजे, नुसता सर्व्हर नको. रुईचे तंतू पुढच्या जाळीत नमद्यासारखे बसतात. हंगामात दर आठवड्याला जाळी साफ करा, खोलीचं दार प्रेसकडे उघडणारं नको.

यूपीएसची सिग्नल केबल होस्टला लावा. डोमेन कंट्रोलरच्या व्हीएमची "ऑटोमॅटिक स्टॉप अॅक्शन" मुळात सेव्हवर असते, ती शटडाउनवर करा. रेड कार्डच्या (अनेक डिस्क एकत्र सांभाळणारं कार्ड) कॅशची बॅटरी किंवा फ्लॅश मॉड्यूल कोटेशनमध्ये आहे का तपासा. ते नसेल तर राइट-बॅक कॅश चालू करू नका, लाइट गेल्यावर न लिहिलेला डेटा जातो.

कधी करायचं? दसऱ्यानंतर कापूस यायला लागला की हात लावू नका, मार्चमध्ये तर नाहीच. जून-जुलैत डोमेन आणि एसक्यूएल हलवून ऑगस्टभर जुना सर्व्हर बाजूला तयार ठेवा. बठ्ठं एकाच रविवारी उरकायचा आग्रह नको.

आणि २०२२ वरच राहायचं असेल तर अपडेटचं टूल तपासा. नोव्हेंबर २०२४ मध्ये बाहेरच्या कंपन्यांच्या अपडेट टूलमधून काही २०१९ आणि २०२२ सर्व्हर आपोआप २०२५ वर चढले होते, कारण टूलने ते फीचर अपडेट साध्या सुरक्षा अपडेटसारखं धरलं. मंजुरीशिवाय काही बसणार नाही असं सेटिंग ठेवा.

---

काटा_शहादा

सॉफ्टवेअरवाल्यांशी बोललो. डोंगलऐवजी ऑनलाइन लायसन्स देतायत, आणि एसक्यूएलचा नवा ड्रायव्हर चालतो म्हणाले, पण लेखी द्यायला तयार नाहीत. मग दोन्ही व्हीएम २०२२. डोमेनची लेव्हल २००८ आर२ करून डीएफएसआर-मिगला स्थिती विचारली तर "मायग्रेशन अजून सुरू झालेलं नाही" असं सांगतंय.

---

लळिंग_धुळे

म्हणजे एफआरएसच आहे. आता स्टेट १ देण्याआधी सिसव्हॉलची साइज बघा आणि त्याच ड्राइव्हवर निदान तेवढी जागा मोकळी ठेवा, मधल्या काळात दोन प्रती असतात. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये एफआरएसच्या लॉगमध्ये १३५६८, म्हणजे जर्नल रॅप, दिसला तर आधी तो दुरुस्त करा. एकच कंट्रोलर असल्याने रजिस्ट्रीत बरफ्लॅग्सची किंमत डी४ देऊन एफआरएस सेवा परत सुरू करायची. १३५१६ (सिसव्हॉल तयार असल्याची नोंद) आला की मगच पुढे.